गाडी रिझर्व्हला लागली! मोटारसायकलवरच्या जास्तीच्या पेट्रोलचा इतिहास

(हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेलं अडखळणं कापलंय, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग एका बाटलीवर आहे. डोळ्यांसमोर आणा: गावाच्या फाट्यावरची टपरी, फळीवर गुटख्याच्या माळा, शेजारी पाण्याच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये भरलेलं फिकट केशरी पेट्रोल. नांदेड-लातूरकडे वाढलेल्या माणसाला ती बाटली ओळखायला लेबल लागत नाही.

आता गंमत ऐका. आपल्या देशात १९३४ चा पेट्रोलियम कायदा अजून लागू आहे. साध्या माणसाने परवान्याशिवाय स्वतःच्या वापरासाठी किती पेट्रोल जवळ ठेवावं, किती न्यावं, हे त्यात लिहिलंय. एकूण ३० लिटरपर्यंत चालतं, अट एकच, ते विकायचं नाही. आणि मग कायदा भांड्यावर येतो. भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपेक्षा मोठं नको. धातूचं असेल तर २५ लिटरपेक्षा मोठं नको. बूच घट्ट हवं. बस्स. प्लॅस्टिकचा उल्लेखच नाही, कारण १९३४ साली कुणाच्या घरात प्लॅस्टिकची बाटली होती?

मला हे वाचल्यावर जाम आवडलं. कारण किती पेट्रोल न्यायचं यावर आपण तासभर भांडू शकतो, पण ते कशातून न्यायचं यावर आपण विचारच करत नाही. आणि गाडीवरच्या जास्तीच्या पेट्रोलचा इतिहास उघडला की दिसतं, सगळी भानगड भांड्याचीच आहे.

आधी जरा अंतरं समजून घेऊ. नांदेडहून किनवटला जायचं तर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, वाटेत भोकर, हिमायतनगर, पुढे जंगल. माहूरही तसंच लांब. लातूर ते नांदेड साधारण दीडशे. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये पोचली होती. नांदेडला मनमाड-हैदराबाद मार्गाची गाडी त्याच्याही आधीपासून होती. रुळांपासून लांब गेलात की मग बैलगाडी, घोडा, नाहीतर पाय. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये स्वतःचा रस्ते वाहतूक विभाग काढला, सुरुवात २७ बसपासून. अख्ख्या संस्थानासाठी २७ बस. म्हणजे खाजगी मोटार किंवा फटफटी कुणाकडे असेल, तर तो जहागीरदार, मोठा वकील नाहीतर इंग्रज साहेब. आणि त्याला पेट्रोल कशातून मिळायचं? बऱ्याचदा पत्र्याच्या डब्यातून.

हा डबा तुम्ही पाहिलाय. चौकोनी, उभा, साधारण १८ लिटरचा. आजही किराणा दुकानात गोडेतेलाचा डबा त्याच घराण्यातला. १८ हा आकडा कुठून आला? चार ब्रिटिश गॅलन म्हणजे १८ लिटर आणि थोडं. रॉकेल, पेट्रोल या असल्या डब्यांत भरून, दोन-दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून जगभर जात. रिकामा डबा आपल्याकडे कधीच रिकामा राहिला नाही. त्यात ज्वारी गेली, पाणी गेलं, कापून त्याचं पत्र्याचं छप्पर झालं, तुळस लागली. माणसांना त्यातल्या तेलापेक्षा डब्याचंच जास्त अप्रूप, असंही म्हणता येईल.

पण इंधनाचं भांडं म्हणून हा डबा अगदी टुकार होता. पत्रा पातळ, सांधे कच्चे, पकडायला तारेची कडी. एकावर एक रचले की खालचा दबायचा, आपटला की गळायचा. शांततेच्या काळात हे खपून गेलं. युद्धात नाही खपलं.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्य हेच डबे वापरत होतं. सैनिकांनी त्यांना नाव दिलं होतं 'फ्लिम्झी', म्हणजे लेचेपेचे. तळापासून आघाडीवर पोचेपर्यंत ३० टक्क्यांच्या घरात पेट्रोल गळून, उडून जायचं असा अंदाज होता. विचार करा, दहा ट्रक निघाले आणि सात ट्रकांचं पेट्रोल पोचलं. बाकी तिघांचं वाळूने प्यायलं. सैनिक मग रिकामा डबा मधोमध कापायचे, अर्ध्यात वाळू टाकायचे, वर पेट्रोल ओतायचे, काडी लावायची आणि त्यावर चहा. हे सगळं आपल्यापासून फार लांबचं वाटतंय? जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं, तेव्हा तिथल्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. आपल्याकडच्या गावांतली पोरं त्या वाळूत होती.

समोर जर्मनांकडे मात्र वेगळंच भांडं होतं. १९३७ मध्ये जर्मन सैन्यासाठी श्वेल्म गावच्या म्युलर कंपनीतला व्हिन्झेन्झ ग्र्युनफोगल नावाचा इंजिनिअर २० लिटरचा एक कॅन बनवतो. इंजिनिअर म्हणून मी या माणसापुढे हात जोडतो. कॅन दोन पत्र्यांच्या अर्ध्या भागांचा, मधे एकच वेल्डिंग, आणि ते वेल्डिंग आत खोबणीत बसवलेलं, म्हणजे आपटला तरी सांध्यावर मार नाही. वर तीन दांड्या. एकट्या माणसाने भरलेला न्यायचा तर मधली पकडायची. दोघांनी मिळून न्यायचा तर कडेच्या. रिकामे असतील तर शेजारी-शेजारी दोन कॅन एका हातात मावतात. झाकणाला खटका, स्क्रू नाही, पाना नको, नरसाळं नको. ओतताना हवा आत जायला वेगळी बारीक नळी, त्यामुळे गचके न खाता एकसारखी धार. आणि वरच्या कुबडात हवेसाठी मुद्दाम मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेमुळे भरलेला कॅन पाण्यावरसुद्धा तरंगतो. ही मोकळी जागा लक्षात ठेवा, पुढे ती आपल्याला लागणार आहे.

ब्रिटिश सैनिकांच्या हाती हे कॅन लागले तेव्हा त्यांनी आपले डबे फेकून दिले आणि शत्रूचे कॅन जपून ठेवायला लागले. इंग्रज जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून हा जेरीकॅन. आपल्याकडे तो 'जरीकॅन' झाला, मग नुसता 'कॅन', आणि आता दुधाच्या, पाण्याच्या, डिझेलच्या प्लॅस्टिकच्या भांड्यालाही आपण कॅनच म्हणतो.

या कॅनची एक भारताची गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनिअर बर्लिनमध्ये कामाला होता. १९३९ च्या उन्हाळ्यात त्याने आणि एका जर्मन सहकाऱ्याने ठरवलं की गाडी बांधायची आणि रस्त्याने थेट भारतात जायचं. गाडी तयार झाली, निघायची वेळ आली आणि लक्षात आलं की वाटेतल्या गरजेसाठी पाणी न्यायला भांडंच नाही. त्या जर्मनाला माहीत होतं की टेम्पलहोफ विमानतळावर हे नवे लष्करी कॅन साठवलेत. त्याने तीन उचलले. गुपित असलेले लष्करी कॅन, पाणी भरायला! अकरा सरहद्दी ओलांडल्यावर जर्मन सहकाऱ्याला परत न्यायला चक्क विमान आलं. जाता जाता त्याने कॅन कसा बनवायचा याची सगळी मापं प्लाइसला सांगितली. प्लाइस एकटा गाडी चालवत कलकत्त्याला पोचला, गाडी तिथे ठेवून अमेरिकेला गेला आणि तिकडच्या सैन्याला सांगत बसला की बाबांनो, हे भांडं बघा. आधी कुणी ऐकलं नाही. शेवटी त्याने गाडी कॅनसकट कलकत्त्याहून मागवून घेतली. पुढे अमेरिकनांनी कॅन बनवला, पण त्यात वेल्डिंगऐवजी दुमडलेले सांधे आणि खटक्याऐवजी स्क्रूचं झाकण. म्हणजे जे दोन भाग सगळ्यात शहाणपणाचे होते तेच बदलले! आमच्या ऑफिसातही असं होतं, चांगल्या चाललेल्या कोडमध्ये कुणीतरी 'सुधारणा' करतं. असो.

आता परत मराठवाड्यात येऊ. महायुद्धात भारतात पेट्रोलचं रेशनिंग झालं. बसच्या मागे कोळशाची भट्टी बसवून त्या गॅसवर गाड्या चालवल्या गेल्या. चढ आला की प्रवासी उतरून ढकलायचे. युद्ध संपलं, पण आपल्या भागात पेट्रोलची चणचण संपली नाही, कारण १९४७ नंतर निजामाने विलीनीकरणाला नकार दिला आणि भारत सरकारने संस्थानाची आर्थिक नाकेबंदी केली. पेट्रोल येणं आटलं. रझाकार, सरहद्दीवरचे कॅम्प, गावंच्या गावं रातोरात उठून जाणं, हे आपण घरात ऐकलेलं असतं. त्याच काळात पेट्रोलचा डबा ही किती किमती वस्तू झाली असेल याचा विचार मी हा भाग लिहीपर्यंत केला नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या, १७ तारखेला सगळं संपलं. आपला मुक्तिसंग्राम दिन.

खेड्यांत मोटारसायकल खऱ्या अर्थाने आली ती त्यानंतर. मद्रासला एनफिल्ड इंडिया १९५५ मध्ये निघाली आणि बुलेट बनू लागली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरची जावा आली, आणि त्याच सुमारास एस्कॉर्ट्सची राजदूत, पोलंडच्या एका गाडीवर बेतलेली. ग्रामीण महाराष्ट्रात राजदूत म्हणजे दूधवाला, ग्रामसेवक, गुरांचा डॉक्टर, सोसायटीचा चेअरमन. दणकट, आवाज ओळखीचा, तीन फर्लांगावरून कळायचं कोण येतंय.

राजदूत आणि जावा टू-स्ट्रोक. तरुण श्रोत्यांसाठी सांगतो: टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण द्यायला वेगळी सोय नसते, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, या जुन्या गाड्यांना साधारण वीस-पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग. नुसतं पेट्रोल टाकलं तर थोड्या वेळाने पिस्टन जाम. म्हणजे जास्तीचं पेट्रोल बरोबर न्यायचं तर ऑइलसुद्धा न्यायला लागायचं. किंवा आधीच मिसळून न्यायचं आणि ओतण्याआधी बाटली हलवायची, कारण उभ्या बाटलीत ऑइल खाली बसू शकतं. ताकासारखं.

आणि या सगळ्या गाड्यांना पेट्रोलचा काटा नसायचा. टाकीत किती उरलंय? झाकण उघडा, गाडी हलवा, आवाज ऐका. मग गाडीवाल्याला वेळेवर कळावं कसं? इथे ती अफलातून साधी सोय येते, रिझर्व्हची. टाकीच्या तळाला कॉक असतो, त्यातून टाकीत दोन तोंडं जातात, एक उंच, एक तळाशी. कॉक 'ऑन'वर असताना पेट्रोल फक्त उंच तोंडातून येतं. पातळी त्याच्या खाली गेली की गाडी गचके खाते. तुम्ही चालत्या गाडीवर डावा हात खाली नेऊन कॉक फिरवता, तळाचं तोंड उघडतं, गाडी पुन्हा पळते. म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीतच होतं, फक्त तुमच्यापासून लपवलेलं. वेगळी टाकी नाही, वायर नाही, सेन्सर नाही. दोन वेगवेगळ्या उंचीच्या नळ्या. 'गाडी रिझर्व्हला लागली' हा शब्दप्रयोग मराठीत इतका मुरलाय की पगार संपत आलेला माणूसही तेच म्हणतो.

याचा एक तोटा होता. रिझर्व्हवर फिरवलेला कॉक परत 'ऑन'वर करायला विसरलात, तर पुढच्या वेळी सूचना मिळत नाही. थेट रस्त्यात उभे.

उभे राहिल्यावर काय करायचं, याचं शास्त्र आपल्या आधीच्या पिढीकडे होतं. टाकी फ्रेमच्या नळीवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे तिचा तळ मधोमध उचललेला, दोन्ही बाजूंना दोन खळगे. कॉक एकाच बाजूला, बहुतेक डावीकडे. शेवटचं थोडं पेट्रोल उजव्या खळग्यात अडकून बसतं. गाडी डावीकडे चांगली कलती केली की ते उंबरठा ओलांडून डावीकडे येतं, आणि तेवढ्यावर तीन-चार किलोमीटर निघतात. टाकीच्या झाकणातून फुंकर मारणारेही होते, त्याचा किती उपयोग व्हायचा ते मला सांगता येणार नाही, पण श्रद्धा मोठी होती. तरीही नाही झालं, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचा. एक नळी, एक बाटली, तोंडाने ओढलं की त्याच्या टाकीतून तुमच्याकडे. हे तोंडाने ओढणं मात्र अतिशय वाईट. गिळलं तर त्रास होतोच, पण ठसका लागून थेंबभर फुप्फुसात गेलं तर माणूस दवाखान्यात जातो. नाहीतर मग टोचन: मागच्या गाडीवाल्याने तुमच्या फूटरेस्टला पाय लावायचा आणि ढकलत न्यायचं. हे तर आजही रोज दिसतं.

आमचे थोरले चुलते सत्तर-ऐंशीच्या दशकात किनवट भागात गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टरसाहेबांची राजदूत, मागे बसून हे. गाय अडली की रात्री-बेरात्री पाड्यावर जावं लागायचं आणि पंप तालुक्याच्या गावालाच. त्यांच्या पिशवीत सलाईनच्या दोन काचेच्या बाटल्या असत. एकीत सलाईन, दुसरीत ऑइल मिसळलेलं पेट्रोल. मी विचारलं, 'आप्पा, कधी अदलाबदल नाही झाली?' ते म्हणाले, 'वासावरून कळत नसंल तर त्यानं गुराला हात लावू नये.' पेट्रोलच्या बाटलीचं रबरी बूच दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलावं लागायचं, कारण पेट्रोलने रबर फुगतं. काचेची, घट्ट बुचाची, एक लिटरपेक्षा लहान. १९३४ च्या कायद्यात अगदी फिट्ट! आप्पांनी तो कायदा कधी पाहिला नव्हता. त्यांच्या हाताशी जे होतं ते योगायोगाने बरोबर निघालं.

मग १९८५ उजाडलं. त्या वर्षी हीरो होंडाची सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक. भरा, बंद करा, विसरा, अशी त्यांची जाहिरात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढे तिथून निघालेल्या गाड्यांवर आपल्या दोन-तीन पिढ्या शाळा-कॉलेजला गेल्या. गाडी लिटरला चाळीसवरून साठ-सत्तरवर गेली याचा अर्थ नीट बघा. टाकी तेवढीच, पण अंतर दीडपट-पावणेदोनपट. म्हणजे जणू अर्धी टाकी फुकटात जास्तीची मिळाली, तीही वजन न वाढवता. आजच्या स्प्लेंडरच्या टाकीत दहा लिटरच्या जवळपास पेट्रोल मावतं. टाकी फुल असेल तर नांदेड-किनवट जाऊन-येऊन, परत एकदा जाता येईल. शिवाय पंप वाढले, तालुक्यापासून मोठ्या गावांपर्यंत आले.

मग बाटली संपायला हवी होती ना? संपली नाही. उलट आप्पांच्या पिशवीतून ती टपरीच्या फळीवर आली.

मला यावर बरेच दिवस कोडं होतं. उत्तर पंपावर पाच मिनिटं उभं राहिलं की मिळतं. 'पन्नासचं टाक.' 'शंभरचं टाक.' टाकी फुल करणारा माणूस गावाकडे किती वेळा दिसतो? पूर्वी माणूस अडकायचा कारण पंप लांब होता. आता पंप पंधरा-वीस किलोमीटरवर आहे, पण टाकीत कायम एक-दीड लिटरच असतं, कारण खिशात एका वेळी तेवढेच पैसे असतात. दहा लिटरची टाकी आयुष्यभर रिझर्व्हच्या आसपास फिरते. आणि टाकीत जे भरायला परवडलं नाही, तेच रात्री टपरीवरून दहा-वीस रुपये जास्त देऊन घ्यावं लागतं. गरिबाला तीच वस्तू महाग पडते, ती अशी. टपरीवाल्यालाही मी खलनायक म्हणणार नाही, बाळंतीण न्यायला रात्री दोन वाजता त्याचंच दार वाजवतात. पण लक्षात घ्या, कायद्यातली ३० लिटरची सूट विक्रीला नाही. आणि त्या बाटलीत काय काय मिसळलंय हे कळायला मार्ग नाही.

पेट्रोल महाग का, हाही याच गोष्टीचा भाग. २०२१ मध्ये परभणीचं नाव देशभर बातम्यांत होतं, पेट्रोलच्या शंभरीमुळे. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल परभणीत, हे आपण कितीतरी वेळा ऐकलंय. कारण सांगितलं जातं ते अंतराचं: टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतात, तीनशेच्या वर किलोमीटर. टँकर डिझेल जाळत आपल्यासाठी पेट्रोल आणतो. इंधन वाहायला इंधन लागतं, आणि त्याचं बिल शेवटच्या माणसाच्या बाटलीत लागतं.

देवणी, उदगीरकडचे मित्र म्हणतात, आम्ही बीदरच्या बाजूला जाऊन भरतो, कर्नाटकात स्वस्त आहे. मी हिशोब करून बघितला. समजा लिटरमागे तीन रुपये वाचले आणि तुम्ही पाच लिटर भरलं, तर वाचले पंधरा. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर झाले तर त्यात सत्तरच्या आसपास रुपयांचं पेट्रोल जळलं. कामाला गेलेलाच असाल तर भरा, खास त्यासाठी जाऊ नका. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हापासून ते मला फोन करत नाहीत.

लांबून भरून आणण्यावरून आठवलं. एप्रिल २०१६. लातूरचं पाणी संपलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्या वाघिणी तेल वाहणाऱ्या जातीच्या, राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन घेतलेल्या. प्लाइसने पेट्रोलच्या कॅनमध्ये पाणी नेलं होतं, आपण तेच अख्ख्या शहरासाठी केलं. आणि त्या उन्हाळ्यात लातूरमध्ये मोटारसायकलवर दोन्ही बाजूंना लटकवलेले कॅन दिसायचे, ते सगळे पाण्याचे.

आता जानेवारी २०२४ कडे येऊ. एक आणि दोन तारीख. हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी स्टिअरिंग सोडलं, पानेवाडीचे टँकर थांबले, आणि राज्यभर पंपांवर रांगा. लोक बाटल्या, कॅन, मिळेल ते घेऊन उभे. दोन तारखेला रात्री तोडगा निघाला. दीड-दोन दिवस, बस्स. पण त्या रात्री किती घरांत, गॅसच्या शेगडीजवळ, पाण्याच्या बाटलीत पेट्रोल होतं असेल, या विचाराने अजून काटा येतो.

कारण त्या बाटलीत काय चालतं ते बघा. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडे ती वर्षभर, दिवसरात्र तयारच असते. वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे वर उडून जात नाही, जमिनीवरून सरकत जाते, चुलीपर्यंत, देवघरातल्या दिव्यापर्यंत. ज्योत बाटलीजवळ न्यायची गरज नाही, वाफ स्वतः ज्योतीकडे जाते. शिवाय तापलं की पेट्रोल फुगतं. २० लिटर पेट्रोल पहाटेच्या २० अंशांवरून दुपारच्या ४५ अंशांवर गेलं, तर साधारण अर्धा लिटर जास्तीची जागा मागतं. आठवते ती जेरीकॅनमधली मोकळी जागा? ती यासाठी. पाण्याची बाटली आपण गळ्यापर्यंत भरतो, डिकीत टाकतो आणि गाडी उन्हात लावतो. पाण्याच्या बाटलीचं झाकण वाफेचा दाब रोखायला केलेलंच नाही. आणि बाटली पाण्याची असल्यामुळे लहान मूल ती तोंडाला लावू शकतं, हा सगळ्यात साधा धोका आपण बोलतच नाही.

दुसऱ्या बाजूने, बाटली शस्त्रही झालीय. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून जाळलं, ती वाचली नाही. दंगल, आंदोलन, अशा वेळी जिल्हाधिकारी सुट्या पेट्रोलवर बंदी घालतात ती यामुळेच. पंपावरचा पोरगा बाटलीला नाही म्हणाला तर त्याच्यावर आवाज चढवू नका.

मग खरंच गरज असेल तर? लडाखला जाणारे श्रोते आहेत आपले, दरवर्षी कुणी ना कुणी लातूर-नांदेडहून निघतंच. मनालीहून लेहला जाताना तांडीच्या पंपावरची ती पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. बुलेट घाटात लिटरला तीसच्या आत आली तर तेरा-चौदा लिटरच्या टाकीत हे गणित अगदी काठावर बसतं. तिथे पाच लिटरचा कॅन न्यायलाच हवा, पत्र्याचा, खटक्याचा. पाच लिटर म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास, फार नाही, पण ते कुठे बांधता याने फरक पडतो. पार शेपटीला, उंच बांधलं तर पुढचं चाक हलकं होतं. सायलेन्सरजवळ नको. पुढच्या क्रॅश गार्डला बांधलेले कॅन फोटोत भारी दिसतात, पण गाडी पडते तेव्हा आधी तोच भाग जमिनीला लागतो. सीटच्या मागे, खाली, दोन्ही बाजूंना सारखं वजन. भरताना कॅन गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवा, म्हणजे साठलेली स्थिर वीज जमिनीत जाते, ठिणगी पडत नाही. काठोकाठ भरू नका. आणि टाकीत जागा झाली की लगेच कॅन टाकीत रिकामा करा. पुष्कळ जण कॅन शेवटपर्यंत जपून ठेवतात, म्हणजे सगळ्यात धोकादायक वस्तू सगळ्यात जास्त वेळ अंगाजवळ.

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, आणि त्याबरोबर तो रिझर्व्हचा कॉकही गेला. आता नुसता दिवा लुकलुकतो किंवा काटा खाली येतो. टाकीतल्या पंपाला थंड ठेवायचं काम टाकीतलंच पेट्रोल करतं, त्यामुळे या गाड्या पार कोरड्या होईपर्यंत पळवणं महागात पडतं. गाडी कलती करून चार किलोमीटर काढायचे दिवस गेले.

आणि इलेक्ट्रिक? एक लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा असते. इंजिन त्यातलं पाऊण वाया घालवतं ही गोष्ट वेगळी, पण ऊर्जा असते. साध्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या अख्ख्या बॅटरीत तीन-चार युनिट. ती बाटलीत भरून फाट्यावरच्या टपरीत विकता येत नाही, तोंडाने ओढून मित्राला देता येत नाही. आमच्या अहमदपूरकडे एका स्कूटरवाल्याची बॅटरी संपली, तर त्याने सरळ रस्त्याकडेच्या पिठाच्या गिरणीत वायर लावली आणि तासभर गप्पा मारत बसला. गिरणीवाल्याने वीस रुपये घेतले. मग अर्ध्या तासात लाइट गेली.

तर मंडळी, एक काम सांगतो. घरात कुणाकडे जुनी राजदूत, जावा, एम-८० असेल, आजोबांकडे रॉकेलचा जुना पत्र्याचा डबा असेल, किंवा गाडीबरोबर बाटली नेण्याची आठवण असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे लातूरला अडीच फुटांच्या रुळावरून येणारी ती छोटी गाडी. भेटू.